शिलाई मशीनवर बसून ऐकायला कानावरचा वायरलेस हेडफोन : चार हजारांत कोणता बघू?

पायमशीन_मंगळवारपेठ

नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी चार ते सहा, म्हणजे रोज सहा तास मशीनवर असते. या कामात हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मात्र रिकामे. त्या रिकाम्या कानांनी मी गेली चार वर्षं मराठी कादंबऱ्या ऐकते, दुपारी नाट्यसंगीत ऐकते, सकाळी आकाशवाणीचं सांगली केंद्र लावते. हे ऐकणं माझ्यासाठी फार मोलाचं आहे, म्हणून प्रश्न जरा सविस्तर लिहिते.

आमचे हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी. सकाळी आठला येतात, खाऊन झोपतात. घर दोन खोल्यांचं, मधे नुसता पडदा. मशीनच्या आवाजात त्यांना गाढ झोप लागते, पण रेडिओवर कुणी बोलायला लागलं की लगेच जाग येते. त्यामुळे जे काही ऐकायचं ते कानाला लावूनच.

आधी वायरचा इअरफोन होता. दोन वर्षांपूर्वी अस्तर जोडताना वाकले आणि वायर मशीनच्या चाकात गुंडाळली गेली. इअरफोन कानातून हिसकला, कान दोन दिवस दुखला. तेव्हा मोटर लावलेली होती, पाय लगेच काढला म्हणून बरं. मग गळ्यात अडकवायचा नेकबँड घेतला. पण माझ्या गळ्यात दिवसभर टेप असते. टेप ओढली की नेकबँड आणि नेकबँड ओढला की टेप. त्यानंतर लेकीने तिचे डबीतले छोटे इअरबड दिले. त्यातला एक चिंध्यांच्या पिशवीत गेला तो गेलाच. आणि गेल्या पावसाळ्यात कानाला खाज सुटली म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर कानात बुरशी झाली होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, कानाच्या आत काही घालायचं नाही.

म्हणून आता कानावर टेकणारा, वायर नसलेला हेडफोन घ्यायचा आहे. पूर्ण कान झाकणारा मोठा नको, कारण दार वाजलेलं, कुकरच्या शिट्ट्या आणि ह्यांनी मारलेली हाक मला ऐकू आली पाहिजे. शिवाय कोल्हापूरचा एप्रिल-मे आणि पत्र्याखालची खोली. कानाभोवती घाम नको.

अडचणी अशा. मला चष्मा आहे. कानात कुड्या असतात. केसांचा अंबाडा असतो, आणि केसांना खोबरेल तेल. काम मान खाली घालून. बजेट चार हजारांपर्यंत, दिवाळीचं काम हातात आलंय म्हणून जमतंय. गाण्याचं फार कळतं असं नाही, पण गाणाऱ्याचा शब्द स्पष्ट यावा. कुणी असं रोज वापरत असेल तर सांगा. जाहिरातीतले आकडे मी वाचलेत, त्यावरून काही ठरत नाही.

लातूरचा_हॉस्टेलवाला

काकू, मी बोटचा रॉकर्झ ४५० दोन वर्षं वापरतोय. दीड हजाराच्या आसपास मिळतो, सेलमध्ये त्याहून कमी. १५ तास चालतो असं कंपनी सांगते. वायर लावायचं भोकही आहे, म्हणजे चार्जिंग संपलं तरी काम भागतं. बास जोरात आहे. अभ्यास करताना लेक्चर ऐकायला मला पुरतो. चार हजार घालायची खरंच गरज आहे का ते बघा. उरलेल्या पैशांत दोन चांगल्या साड्या होतील.

तपकीर_गल्लीतला

ताई, मी पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीला लागून दुरुस्तीचं काम करतो. मोबाइल, स्पीकर आणि हल्ली बरेचसे हेडफोन. तुम्ही प्रश्न इतका नीट लिहिलाय की उत्तर द्यायला हुरूप आला.

माझ्या टेबलावर कानावरचे हेडफोन येतात ते बहुतेक तीन तक्रारी घेऊन. पॅडचं रेक्झिन सोललंय, डोक्यावरची पट्टी सांध्यात तुटलीय किंवा चार्जिंगची पिन जिथे बसते ते सॉकेट ढिलं झालंय. 'आवाज बिघडला' म्हणून येणारा क्वचित. त्यामुळे दुकानात गेल्यावर आवाजाच्या आधी हे तीन भाग बघा. पट्टी लांब-आखूड करताना कट कट असा पक्का आवाज येतो का, आणि सोडल्यावर ती आपोआप सरकत नाही ना. वाट्या जिथे फिरतात तिथे बोटाने हलवून बघा. चार्जिंग सी टाइपचंच घ्या, जुनी बारीक पिन नको.

आता पॅड. ते चामडं नसतं, कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. दमट हवा, घाम आणि तेल या तिन्हींनी तो थर आतून भुसभुशीत होतो आणि मग काळे पापुद्रे गालाला चिकटायला लागतात. तुमच्याकडे तिन्ही आहेत. वर्ष-दीड वर्षात पॅड जाणार हे धरून चाला आणि ज्याचे पॅड निघतात, बदलून मिळतात, असाच घ्या. रोज काम झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसा, एवढ्यानेही आयुष्य वाढतं.

बॅटरीच्या तासांबद्दल लोक म्हणतात, मला कुठे सलग ५० तास ऐकायचंय? पण हिशेब वेगळा आहे. तुम्ही रोज सहा तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,८०० तास होतात. १५ तास चालणारा हेडफोन वर्षात १२० वेळा पूर्ण चार्ज करावा लागेल, ५० तास चालणारा ३६ वेळा. लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद जाणवण्याइतकी उतरते. म्हणजे पहिल्याची बॅटरी तीन-चार वर्षांत थकेल, दुसऱ्याची बॅटरी बाकी हेडफोन मोडेपर्यंत टिकेल. लातूरच्या मित्राचं चूक नाही, त्याचं ऐकणं तासा-दोन तासांचं असेल. तुमचं सहा तासांचं आहे. म्हणून माझं मत चार हजारांकडे.

त्या किमतीत मी दोन बघायला सांगेन. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० आणि जेबीएलचा ट्यून ५२०बीटी. दोन्ही २०२३ मधले, दोन्ही कानावर टेकणारे. सोनी १४७ ग्रॅम, बॅटरी ५० तास. जेबीएल १५७ ग्रॅम, ५७ तास. घाईच्या वेळी सोनी तीन मिनिटं चार्ज केला तर दीड तास चालतो, जेबीएल पाच मिनिटांत तीन तास. दोन्हींवर दाबायची खरी बटणं आहेत, नुसतं बोट फिरवायचं नाही. हातात दोरा-सुई असताना हे फार उपयोगी. दोन्हींना वायर लावायचं भोक नाही, हे आधीच माहीत असू द्या. आतला पडदा सोनीत ३० मिलिमीटर, जेबीएलमध्ये ३३, रॉकर्झमध्ये ४०. या आकड्यावरून आवाजाची प्रत ठरत नाही, त्याकडे दुर्लक्ष करा.

एक महत्त्वाचं राहिलं. तुम्ही सांगली केंद्र फोनच्या एफएमवर ऐकत असाल तर ते बंद होईल. फोनमधला एफएम रेडिओ इअरफोनच्या वायरचाच अँटेना म्हणून वापर करतो. वायर गेली की अँटेना गेला. आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ॲप घ्या, त्यावर इंटरनेटने केंद्रं लागतात.

आणि रस्त्यावर आठशे रुपयांत मोठ्या कंपनीचं नाव छापलेला मिळतो, तो घेऊ नका. आत काय असतं ते मी उघडून बघितलंय. बिल आणि एक वर्षाची वॉरंटी देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

ठाण्याची_अनुलेखक

मी दिवसभर मुलाखती ऐकून टाइप करते. माझा अनुभव असा की चष्मेवाल्यांनी पूर्ण कान झाकणाराच घ्यावा. कानावरच्याने चष्म्याची काडी आणि वाटी यांच्यात कानाची पाळी चिमटते, तासाभरात वरची कूर्चा, म्हणजे कानाचं मऊ हाड, ठणकायला लागते. कुड्या असतील तर आणखी. विचार करा, ताई.

सांगलीचे_तबकडीवाले

ताई, मी निवृत्त शिक्षक, सांगलीचा. जुन्या ध्वनिमुद्रिका जमवतो. तुम्ही नाट्यसंगीत म्हणालात म्हणून लिहितो, कारण दुकानदार ऐकवतो ते गाणं हेडफोन विकण्यासाठी निवडलेलं असतं. आपलं आपण घेऊन जावं.

बालगंधर्वांच्या काळातलं एखादं पद फोनमध्ये ठेवा. ७८ फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. हे ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं आहे, म्हणजे डाव्या-उजव्या कानात अगदी तंतोतंत सारखं येतं. हेडफोन चांगला असेल आणि नीट बसला असेल तर आवाज बरोबर डोक्याच्या मध्यावर, कपाळामागे ऐकू आला पाहिजे. एका बाजूला झुकला तर एक तर वाटी कानावर तिरकी बसली आहे किंवा दोन बाजूंत फरक आहे. वाटी सरकवून बघा, तरीही झुकलेलाच राहिला तर तो नग घेऊ नका. नव्या गाण्यावर हे कळत नाही, कारण त्यात वाद्यं मुद्दाम डावी-उजवीकडे वाटलेली असतात.

दुसरं, अलीकडचं एखादं ख्यालाचं ध्वनिमुद्रण लावा, विलंबित. तानपुरा सलग ऐकू यायला हवा, गायकाच्या मागे विणलेला. ज्या हेडफोनात खालचा आवाज फुगवलेला असतो त्यात डग्गा पुढे येऊन बसतो, तानपुरा विरतो आणि गायकाचा खर्ज डग्ग्यात मिसळतो. तरुण मुलांना तो ठोका आवडतो, त्यात वाईट काही नाही, पण तुम्हाला शब्द हवा आहे.

तिसरं तुमच्या कादंबऱ्यांसाठी. वाचणारा 'स' आणि 'श' कसा म्हणतो ते ऐका. 'सोसणं', 'शेवटचा श्वास' असे शब्द शिट्टीसारखे टोचत असतील तर दहा मिनिटांत काही वाटणार नाही, सहा तासांत डोकं दुखेल. आणि जुन्या तबकडीची खरखर अशा हेडफोनात दुप्पट होते.

घरात तंबोऱ्याबरोबर गाणारं कुणी असेल तर एवढंच सांगतो की ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यावर रियाज होत नाही. ऐकायला काही अडचण नाही.

पायमशीन_मंगळवारपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, तुम्ही सांगितलेलं पद आणि एक ख्याल लेकीकडून फोनमध्ये घेतला. कादंबरीचं एक प्रकरणही उतरवून ठेवलं. मंगळवारी दुपारी राजारामपुरीतल्या दुकानात गेले, मुद्दाम गर्दी नसलेली वेळ बघून. ठाण्याच्या ताईंनी लिहिलेलं मनात होतं म्हणून सोबत एक ब्लाउज नेला, गळ्याचं हातशिलाईचं काम राहिलेला. दुकानातल्या मुलाला सांगितलं, मला हा घालून अर्धा तास इथे स्टुलावर बसू दे, मी माझं काम करते. तो आधी गोंधळला, मग त्याने पंख्याखाली स्टूल आणून दिलं. भला मुलगा.

इथे मला जे कळलं ते कुठेच लिहिलेलं वाचलं नव्हतं. उभं राहून घातला तर सगळेच चांगले बसतात. मान खाली घातली की खरं कळतं. पहिला घातला तो तिसऱ्याच कुठल्या कंपनीचा, स्वस्तातला, मुलाने हौसेने दिलेला. हातशिलाईला वाकले आणि दोन मिनिटांत पट्टी कपाळाकडे घसरली. वर ढकलली, पुन्हा घसरली. मशीनवर असताना हे झालं तर एक हात कापडावरून उचलावा लागणार, आणि सुई खाली जात असताना तो हात उचलणं मला परवडत नाही. मग मी मुलाला म्हटलं, घट्ट बसणारे दे. घट्ट बसणारा घसरत नाही, पण तोच चष्म्याच्या काडीवर दाबतो. म्हणजे माझ्यासाठी सगळा प्रश्न या दोन टोकांच्या मधला आहे. जिथे घसरायचा थांबतो आणि दुखायला सुरुवात होत नाही, ती जागा प्रत्येक डोक्याची वेगळी असणार.

दोन्ही नावाजलेले प्रत्येकी अर्धा अर्धा तास घातले. वजनातला दहा ग्रॅमचा फरक मला जाणवला नाही. फरक पट्टी कुठे टेकवायची यात होता. अंबाड्याच्या पुढे, अगदी टाळूवर न ठेवता बोटभर मागे घेतली की दोन्ही थांबत होते. चष्म्याची काडी मी नेहमी कानामागे खाली दाबून घालते. ती थोडी वर, पाळीच्या वरच्या टोकापासून लांब ठेवली तर वाटी तिच्यावर न टेकता खाली टेकते. हे वीस मिनिटांनी सापडलं, आणि सापडल्यावर कूर्चेचं दुखणं थांबलं. कुड्या मात्र काढाव्याच लागल्या. कामाला बसताना काढून खडूच्या डबीत ठेवते आता.

आवाजाचं सांगायचं तर पद दोन्हींत कपाळाच्या मध्यावर आलं. ख्यालात जेबीएलमध्ये डग्गा भरदार, ऐकायला गोड लागतो. सोनीत गायिकेचे शब्द मला अधिक जवळ वाटले, आणि कादंबरीत तर तिथेच मन लागलं. सोनीच्या ॲपमध्ये आवाजाचे तयार साचे आहेत, त्यातला 'व्होकल' लावला तर तानपुराही वर आला. माझ्या लेकीने घेतला असता तर तिने दुसरा निवडला असता, ती नाचाची गाणी ऐकते. मी सोनी घेतला, निळ्या रंगाचा. सेल होता, चार हजारांच्या आत बसला. बिल घेतलं.

इचलकरंजीचा_मागवाला

ताई, उशिरा वाचलं, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मी यंत्रमागावर अठरा वर्षं आहे. आमच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. पोरं काय करतात, असलाच कानावरचा हेडफोन घालतात आणि मागाच्या वर ऐकू यावं म्हणून आवाज शेवटपर्यंत वाढवतात. कानावरचा हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही, म्हणजे कानात मागही जातो आणि गाणंही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ऐकलं तर चालतं, आणि ९० डेसिबलला फक्त चार तास. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. तुमचे सहा तास रोजचे म्हणजे आठवड्याचे छत्तीस. तुम्ही काठावर आहात. मशीनला मोटर असेल तर तिच्यावर मात करायला आवाज वाढवू नका. शिवण थांबल्यावर जेवढा आवाज पुरतो तेवढ्यावरच ठेवा, मशीन चालू असताना दोन शब्द सुटले तर सुटू देत.

तपकीर_गल्लीतला

मागवाल्या दादांनी लाखातलं सांगितलं. फोनमध्ये आवाजाची इशारा-पट्टी येते, ती बंद करू नका.

ताई, तुमच्या कामात एक गोष्ट जपा. वाटीच्या आत लोहचुंबक असतो, चांगला जोरकस. टाचण्यांच्या डबीजवळ हेडफोन ठेवू नका.

पायमशीन_मंगळवारपेठ

जानेवारी उजाडला, तीन महिने झाले म्हणून लिहिते. संक्रांतीचं काम आत्ताच हातावेगळं केलं.

आधी टाचण्यांचं. भाऊ, तुमचं वाचलं होतं, तरी एकदा कापणीच्या टेबलावर हेडफोन उपडा ठेवला. उचलून घातला आणि डाव्या कानाला टोचलं. पॅडच्या कडेच्या खाचेत दोन टाचण्या उभ्या चिकटल्या होत्या, डोकं आत आणि टोक वर. रक्त आलं नाही. त्या दिवशी भिंतीत खिळा ठोकून त्याला हेडफोन टांगायला लागले, आणि घालण्याआधी अंगठा पॅडवरून फिरवायची सवय लावून घेतली.

चार्जिंग आठवड्यातून एकदा, रविवारी. दिवाळीत दहा-दहा तास बसले तेव्हा दोनदा. सांगली केंद्र ॲपवर ऐकते, रेंज गेली की मधेच थांबतं, तेवढीच उणीव. कुकर ऐकू येतो, दार ऐकू येतं. उन्हाळ्याचं एप्रिलमध्येच कळेल.

आवाज मी फोनच्या निम्म्यावर ठेवते. मागवाल्या दादांचं वाचून पहिले आठ दिवस मन लावून पाळलं. मोटर चालू असताना वाक्य निसटतं, पण शिवण संपते तिथे दोरा कापायला थांबावंच लागतं, तेवढ्यात बोट दाबून दहा सेकंद मागे नेते. कादंबरी थोडी लांबते, एवढंच.

आणि एक. डिसेंबरमध्ये एका रविवारी ह्यांनी हेडफोन घातला, कीर्तन ऐकायला. खाटेवर डोळे मिटून पडले होते. मी पडद्यापलीकडे होते आणि मला तिथपर्यंत शब्द न् शब्द ऐकू येत होता. जवळ जाऊन फोन बघितला तर आवाज शेवटच्या घरापर्यंत चढवलेला. मी काढून माझ्या कानाला लावला, तर लगेच दूर धरावा लागला. त्यांना म्हटलं, इतका मोठा कशाला? ते म्हणाले, मोठा कुठे आहे, बरोबर आहे की.

हे चौदा वर्षं फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासायच्या कामाला आहेत, ग्राइंडरवर. कानात बारीक शिट्टी वाजते असं अधूनमधून म्हणायचे, आम्ही थकव्यावर घालवलं होतं. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत बसवून, कानावर असाच हेडफोन लावून बटण दाबायला सांगतात ती तपासणी केली. कागदावर रेघ सरळ चालली होती आणि ४,००० हर्ट्झला दरीत उतरल्यासारखी खाली गेली होती, दोन्ही कानांची. डॉक्टर म्हणाले, सततच्या मोठ्या आवाजाने जातं ते आधी तिथेच जातं, गेलेलं परत येत नाही, पण राहिलेलं राखता येतं. आता ते कानात फोमचे बोळे घालून कामावर जातात, वर सुपरवायझरकडून इअरमफ मागून घेतलाय. रविवारी कीर्तन लावतात ते निम्म्यावर, आणि कमी ऐकू आलं तर मला विचारतात, बुवा काय म्हणाले.

पॅड तेलाने खराब होऊ नये म्हणून मी त्यावर कापडी कव्हरं शिवलीत. त्यांचं माप दोघीतिघींनी निरोपात विचारलंय, ते इथेच लिहिते. माझ्या पॅडचा व्यास टेपने अडीच इंच भरला. मलमलचा तुकडा घ्यायचा, ब्लाउजच्या अस्तराचा नको, ते जाड पडतं. मी आधी तेच करून बघितलं तर गाणं रजईतून आल्यासारखं झालं. साडेचार इंच व्यासाचं वर्तुळ कापायचं, काठ पाव इंच दुमडून नेफा करायचा, अर्धा इंच जागा मोकळी ठेवून त्यातून बारीक इलॅस्टिक ओवायचं, पाच इंच पुरतं. मधोमध कापड ताणलेलं राहू द्यायचं, चुणी कानाखाली येऊ द्यायची नाही. बाहेरच्या बाजूला माइकचं बारीक भोक असतं, त्यावर कापड यायला नको. चार जोड करून ठेवलेत, दोन दिवसांनी बदलते, तेलकट झालेले साबणाच्या पाण्यात टाकते. रेक्झिन अजून नव्यासारखं आहे. फिक्या रंगाची मलमल घ्या, तेलाचा डाग लगेच दिसतो आणि बदलायची आठवण होते.